सव्वाआठची चाल

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी दूध घेऊन परतताना आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसपाशी माझे पाय थांबले. आत व्यायामाचा वर्ग चालू होता. खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली होती, छपराच्या पागोळ्या गळत होत्या, आणि कॉलेजच्या मुलींपासून आजी झालेल्या बायकांपर्यंत सगळ्या जणी एका तालात हात वर नेत होत्या. स्पीकरमधून येणारी चाल पहिल्या काही स्वरांतच ओळखू आली. पातळ, किंचित नाकातला वाटावा असा तो सिंथेसायझरचा आवाज आणि खाली घड्याळासारखा चालणारा यांत्रिक ठेका. शेजारच्या इमारतीतली एक मुलगी पाण्याची बाटली भरायला बाहेर आली होती. मला उभी पाहून ती म्हणाली, ‘काकू, तुम्ही पण या ना आत. काय भारी गाणं आहे!’ मी ‘हो, फार सुंदर आहे’ एवढेच म्हणाले. हे गाणे हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाविषयी आहे, हे तिला सांगावेसे वाटले आणि सांगू नये असेही वाटले. घरी येऊन दूध तापत ठेवले, तरी ती चाल आणि तो प्रश्न, दोन्ही डोक्यातून जाईनात.

गाणे आहे ‘एनोला गे’, आणि ते गाणारा बँड ऑर्केस्ट्रल मनुव्हर्स इन द डार्क, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ओएमडी. १९८०च्या सप्टेंबरमध्ये ते प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याची रचना थक्क करण्याइतकी साधी आहे. चार कॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच क्रमाने फिरत राहतात, आणि ध्रुवपद म्हणावे असे शब्द त्यात नाहीतच. ध्रुवपदाच्या जागी कीबोर्डवरची ती धून येते. लोक जी गुणगुणतात ती धूनच. शब्द तिच्या मधल्या फटींत येऊन जातात. शब्दांत मात्र सगळे स्पष्ट आहे. बॉम्ब पडला ती सव्वाआठची वेळ आहे, आणि आईचा उल्लेख आहे, कारण वैमानिक पॉल टिबेट्स याने विमानाला आपल्या आईचे नाव दिले होते. ६ ऑगस्ट १९४५च्या त्या सकाळी एका मुलाने आईचे नाव रंगवलेले विमान एका शहरावर नेले, हे वाक्य मी कितीही वेळा मनात म्हटले तरी त्याची सवय होत नाही. गाणाऱ्यांना तेवीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा त्यांनी हे ओळखले होते, आणि शोकगीत न लिहिता ते नाचायला लावणाऱ्या चालीत बसवले होते.

ही चाल इतकी गोड का, हा माझा प्रश्न होता.

तो घेऊन मी पुन्हा त्यांच्या सुरुवातीकडे गेले. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे विरल नावाचे द्वीपकल्प आहे आणि त्याच्या समुद्राकडच्या काठावर मेल्स नावाचे गाव. ओहोटीला दूरवर वाळू उघडी पडते, वारा सतत असतो. अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज ही दोन मुले तिथल्या प्राथमिक शाळेतली. पॉलला विजेच्या वस्तूंचा नाद होता. मावशीकडचे जुने रेडिओ उघडून, त्यांच्यातले सुटे भाग जोडून तो आवाज काढणारी यंत्रे बनवत असे. ती यंत्रे सूर काढत नसत, कुईकुई आणि घरघर करत. अँडीकडे एक बेस गिटार होती. पॉलची आई कामावर गेली की तिच्या मागच्या खोलीत दोघांचे प्रयोग चालत. ११ सप्टेंबर १९७५ रोजी सोळा वर्षांचा अँडी लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरमध्ये क्राफ्टवर्क या जर्मन बँडला ऐकायला गेला. आपण क्यू ३६ क्रमांकाच्या खुर्चीवर बसलो होतो, हे तो आजही मुलाखतींमधून सांगतो. खुर्चीचा क्रमांक पन्नास वर्षे लक्षात राहावा असे काहीतरी त्या संध्याकाळी घडले असणार. लांब केस आणि गिटारी यांच्या जमान्यात सूट-टाय घातलेले चार जण शांत उभे राहून यंत्रांवर संगीत वाजवत होते, आणि नदीकाठच्या त्या मुलाला वाटले की आपली वाट हीच.

वाट सापडली तरी यंत्रे परवडणारी नव्हती. तेव्हाच्या मोठ्या सिंथेसायझरच्या किमती श्रीमंत बँडांसाठी होत्या. त्यांचा पहिला खरा सिंथेसायझर, कोर्ग मायक्रो-प्रीसेट, अँडीच्या आईकडे असलेल्या घरपोच खरेदीच्या कॅटलॉगमधून आला, आठवड्याला ७ पौंड ७६ पेन्स असे ३६ आठवड्यांचे हप्ते ठरवून. हप्त्यावर शिवणयंत्र आणि मिक्सर घेतलेल्या घरांतून आलेल्या मला हा तपशील फार जवळचा वाटतो. त्या वाद्यात स्वतःचे आवाज घडवण्याची सोय जवळजवळ नव्हती. कारखान्यातून भरून आलेले मोजके आवाज, तेवढेच. पण मर्यादेचाच गुण झाला. आवाज साधे होते, त्यामुळे धून पक्की असावी लागली. एका वेळी एकच स्वर वाजणारे वाद्य होते, त्यामुळे धून गाता येईल अशीच व्हावी लागली. क्लबहाउसमध्ये ऐकलेला तो नाकातला आवाज याच हप्त्याच्या यंत्राचा आहे. महागड्या सामग्रीवर हे गाणे झाले असते तर ते इतके उघडे आणि निष्पाप वाटले असते का, याची मला शंका आहे.

ऑक्टोबर १९७८मध्ये लिव्हरपूलच्या एरिक्स क्लबमध्ये ते पहिल्यांदा या नावाने रंगमंचावर आले. एकदाच करून पाहू, असा तो बेत होता. नाव मुद्दाम लांबलचक आणि चमत्कारिक निवडले, कारण ‘पंक’, म्हणजे कर्कश गिटारींच्या बंडखोर बँडांच्या गर्दीत आपण पंक नाही हे लोकांना आधीच कळावे अशी इच्छा होती. मंचावर दोघे जण आणि तिसरा विन्स्टन. विन्स्टन म्हणजे त्यांचा टेपरेकॉर्डर; ठेका आणि मागचे संगीत तो सांभाळायचा. वाद्यवृंदातल्या जागेवर यंत्र बसवून त्याला माणसाचे नाव देण्यात एक खोडकरपणा आहे, पण त्याहून जास्त आपलेपणा आहे. पुढे अँडी मंचावर हातपाय झोकून, कुणी काय म्हणेल याची पर्वा न करता नाचू लागला. सिंथेसायझरच्या संगीतावर नाचता येत नाही असे लोक म्हणत, आणि नाचता येते हे त्याला दाखवून द्यायचे होते. त्यांचे कार्यालय म्हणजे मेल्समधला रस्त्यावरचा लाल टेलिफोन बूथ. कार्यक्रम ठरवायला लोक त्या सार्वजनिक फोनवर फोन करत आणि ही मुले तिथे जाऊन वाट पाहत. त्या बूथवर त्यांनी गाणे केले आहे, ‘रेड फ्रेम, व्हाइट लाइट’, आणि बूथचा नंबरही त्यात आहे. अजूनही चाहते तिथे जाऊन उभे राहतात.

मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने १९७९च्या मे महिन्यात त्यांची ‘इलेक्ट्रिसिटी’ ही पहिली तबकडी काढली. कंपनीचे टोनी विल्सन फारसे उत्सुक नव्हते. त्यांच्या पत्नी लिंडसे रीड यांनी कॅसेट ऐकली आणि हे काढलेच पाहिजे असा आग्रह धरला. पीटर सॅव्हिल यांनी वेष्टन केले ते काळ्यावर काळ्या शाईचे, डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळावे असे. विजेच्या नासाडीविषयीचे हे गाणे क्राफ्टवर्कच्या ‘रेडिओॲक्टिव्हिटी’चेच वेगवान रूप आहे, हे अँडीने कधी लपवले नाही. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘ऑलमोस्ट’ नावाचे हळवे गाणे होते. बॅसिल्डन नावाच्या गावात व्हिन्स क्लार्क या तरुणाने ते ऐकले आणि तो सिंथेसायझरकडे वळला. त्यातून डिपेश मोड हा बँड उभा राहिला. ‘इलेक्ट्रिसिटी’नंतर लगेच व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीच्या डिनडिस्क या शाखेने ओएमडीला करारबद्ध केले. आगाऊ मिळालेल्या पैशांत महागडा स्टुडिओ भाड्याने घेण्याऐवजी त्यांनी लिव्हरपूलमध्ये स्वतःचाच ग्रामोफोन स्वीट हा स्टुडिओ बांधला. आपली गाणी फारशी खपणार नाहीत आणि कंपनी आपल्याला लवकरच सोडून देईल, पण निदान स्टुडिओ तरी हाती राहील, असा त्यांचा हिशेब होता. कामगारवस्तीजवळ वाढलेल्या मुलांचा तो हिशेब होता. नशीब पालटले तरी मागे चार भिंती असाव्यात.

‘एनोला गे’ ज्या संग्रहात आहे, त्याच ‘ऑर्गनायझेशन’ या संग्रहाच्या शेवटी ‘स्टॅनलो’ हे गाणे आहे आणि माझ्या मते ते त्यांच्या सर्वोत्तम गाण्यांपैकी एक आहे. स्टॅनलो हा मर्सीच्या काठावरचा तेलशुद्धीकरण कारखाना. अँडीच्या घरची माणसे तिथे कामाला होती. गाण्याची सुरुवात प्रत्यक्ष यंत्राच्या धडधडीने होते, मग हळूहळू, जणू देवळाच्या पायऱ्या चढाव्यात तशी धून वर येते. बाहेरगावचे कार्यक्रम संपवून रात्री परतताना दिव्यांनी झगमगणारा तो कारखाना लांबून दिसला की घर जवळ आले असे वाटायचे. त्या दिसण्यावर ही भक्तिगीतासारखी रचना आहे. माहुलच्या रिफायनरीची ज्योत रेल्वेतून पाहत मोठे झालेल्यांना या गाण्याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. धूर आणि वास यांच्यासकट एखादी जागा आपली असते. प्रेम आणि प्रदूषण, दोन्ही तिथेच असते, आणि हे गाणे त्यांपैकी कशाचीच बाजू घेत नाही. इतिहास असो वा कारखाना, ही मुले विषय हाताळताना त्याचा निवाडा करायला बसत नव्हती. ते त्या गोष्टीपाशी उभे राहत आणि तिला धून देत.

मग १९८१मध्ये ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ आला. त्यात पॉलने सेकंडहँड विकत घेतलेले मेलोट्रॉन हे वाद्य आहे. हे वाद्य ज्याने आतून पाहिले आहे त्याला त्याचा मोह सुटत नाही. प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा खऱ्या गायकवृंदाचा एकच स्वर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते, आणि सुमारे आठ सेकंदांत संपते. बोट उचलले की स्प्रिंग तिला मागे खेचते. म्हणजे कितीही लांब सूर हवा असला तरी तो आठ सेकंदांत मरतो आणि पुन्हा जन्माला घालावा लागतो. शिवाय फीत किंचित थरथरते, त्यामुळे तो कोरस माणसांचा वाटतो आणि नाहीसुद्धा. फार पूर्वी गेलेली माणसे कुठल्या तरी दालनात गात असावीत, तसा तो आवाज येतो. त्यावर त्यांनी फ्रान्सची वीरकन्या जोन ऑफ आर्क हिच्यावर एक नव्हे तर दोन गाणी केली, ‘जोन ऑफ आर्क’ आणि ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’, आणि दोन्ही लागोपाठ एकेरी तबकड्या म्हणून काढली. दुसऱ्याच्या सुरुवातीला जवळजवळ अर्धा मिनिट कर्कश, धातू घासल्यासारखा गोंगाट आहे, मग तीन मात्रांचा वॉल्ट्झ सुरू होतो. चितेवर जाळलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे हे गाणे ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेले आणि १९८२मध्ये पश्चिम जर्मनीत त्या वर्षीची सर्वाधिक खपाची तबकडी ठरले. संग्रहाच्या सुमारे ३० लाख प्रती खपल्या.

मी ही गाणी ऐकली ती बरीच नंतर, पुण्याच्या वसतिगृहात, मैत्रिणीच्या भावाने भरून दिलेल्या कॅसेटवर. दोन्ही बाजूंना शाईच्या पेनाने इंग्रजी नावे लिहिली होती आणि निम्मी पुसट झाली होती. त्यामुळे कुठले गाणे कशाविषयी आहे हे न कळता मी ती ऐकत राहिले, आणि आज वाटते की ते ठीकच झाले. पण कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला सुरुवातीलाच जे आले त्याने मी उठून बसले. ते गाणे नव्हते. शॉर्ट वेव्ह रेडिओवर एखादे परदेशी केंद्र प्रसारण सुरू होण्याआधी पुन्हा पुन्हा वाजवते तशी खूणधून होती, आणि एक अनोळखी भाषेतला निवेदक. सांगलीच्या घरात माझे वडील रात्री मर्फी रेडिओची खुंटी अगदी सावकाश फिरवत बसायचे. सिलोन त्यांना हवे असायचेच, पण ते लागले तरी ते पुढे जायचे. काट्याच्या मागे पिवळा दिवा, कापडाच्या जाळीतून येणारा तापलेल्या व्हॉल्व्हचा वास, आणि खरखरीच्या समुद्रातून मध्येच वर येणारा कुठल्याशा देशाचा आवाज. ‘हे कुठलं?’ असे मी विचारले की ते ‘ऐक’ म्हणायचे. समजण्यासाठी नसून ऐकण्यासाठी ऐकायचे, हे मी तिथे शिकले असावे. आणि आता तोच आवाज एका पॉप बँडच्या कॅसेटवर होता.

तो ओएमडीचा पुढचा संग्रह होता, ‘डॅझल शिप्स’.

हे नाव त्यांना पीटर सॅव्हिल यांनी सुचवले. एडवर्ड वॉड्सवर्थ या चित्रकाराचे १९१९चे एक मोठे चित्र आहे, लिव्हरपूलच्या कोरड्या गोदीत उभ्या असलेल्या, पट्टे रंगवलेल्या ‘डॅझल’ जहाजाचे. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची जहाजे बुडवत होत्या. समुद्राच्या मोकळ्या पाण्यावर जहाज लपवणार कुठे? तेव्हा १९१७मध्ये नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने उलटाच विचार मांडला. जहाज लपवायचे नाही, त्यावर काळे, पांढरे, निळे तिरके पट्टे असे रंगवायचे की ते ठळक दिसेल, पण ते कुठल्या दिशेला आणि किती वेगाने चालले आहे याचा पेरिस्कोपमधून पाहणाऱ्याला अंदाज येऊ नये. टॉर्पेडो जहाजावर नेम धरून मारता येत नाही, जहाज पुढे जिथे असेल तिथे मारावा लागतो. तो हिशेब चुकवायचा. लिव्हरपूलच्या गोदीत अशा रंगकामावर स्वतः वॉड्सवर्थ देखरेख करत होता, म्हणजे मेल्सपासून हाकेच्या अंतरावर. हे वाचले तेव्हा मला माझ्या प्रश्नाचे उत्तर जवळ आल्यासारखे वाटले. ‘एनोला गे’ची चालही काही लपवत नाही. विमानाचे नाव, वेळ, आई, सगळे उजेडात आहे. फक्त ते आपल्याकडे कुठल्या दिशेने येत आहे, हे कळत नाही. आपण नाचत असताना ते बाजूने येते. आणि गोडवा आला आहे तो आईच्या नावातून. आईविषयीची माया खरी होती, अभिमान खरा होता, आणि तोच अभिमान घेऊन ते विमान निघाले होते. चाल कडवट केली असती तर हे भयंकर सत्य निसटून गेले असते. निर्दय माणसांनी बॉम्ब टाकला अशी ती सोपी गोष्ट झाली असती.

गंमत अशी की जहाजांचे नाव दिलेल्या त्या संग्रहात मात्र त्यांनी स्वतःचे पट्टे खरवडून काढले. ३० लाखांच्या यशानंतर दोघांना नवे सुचेनासे झाले होते. कंपनीला त्याच वळणाचा आणखी एक संग्रह हवा होता. त्यांनी शॉर्ट वेव्हवरचे आवाज, वेगवेगळ्या देशांतल्या फोनवरची वेळ सांगणारी घड्याळे, मुलांना स्पेलिंग शिकवणारे बोलके खेळणे, जहाजांचे भोंगे, असे सगळे एकत्र आणले. शीतयुद्ध ऐन भरात होते आणि १९८३च्या मार्चमध्ये हे बाहेर आले. ‘टाइम झोन्स’मध्ये अनेक भाषांतली घड्याळे एकमेकांवर चढून वेळ सांगत राहतात, कुठल्या देशात किती वाजले हे कळेनासे होते, फक्त वेळ जात आहे एवढे कळते. ‘इंटरनॅशनल’ची सुरुवात बातमीने होते. निवेदकाचा संथ आवाज निकाराग्वातल्या एका लहान मुलीविषयी सांगतो, तिचे हात मनगटापासून तोडलेले आहेत. त्यावर धून येते, पण ती आपल्याला वाचवायला येत नाही. मी हे गाणे सलग दोनदा कधी ऐकू शकलेले नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा कॅसेट बंद करून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले होते. सगळाच संग्रह तसा नाही. ‘द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप’सारखे मऊ, दुखरे गाणे त्यात आहे, आणि शेवटचे ‘ऑफ ऑल द थिंग्ज वी’व्ह मेड’ तर प्रार्थनेसारखे आहे. पण लोकांना दारातच, म्हणजे पहिल्याच तुकड्यात, रेडिओ प्रागची ती खूणधून भेटली आणि बरेच जण दारातूनच परतले.

सुमारे ३ लाख प्रती खपल्या. आधीच्या दहाव्या हिश्शाइतक्या. समीक्षकांनी झोडपले, ‘टेलिग्राफ’ हे गाणे पहिल्या चाळिसातही पोचले नाही. यानंतर जे झाले त्याविषयी मला त्या अपयशापेक्षा जास्त वाईट वाटते. दुधाने तोंड पोळले, आता ताकही फुंकून प्यायचे, असे या दोघांनी ठरवले. तसे त्यांनी नंतर स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. पुढच्या ‘जंक कल्चर’चे काम कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावरच्या स्टुडिओत झाले आणि त्यात ऊन आहे, पितळी वाद्ये आहेत, ‘लोकोमोशन’सारखे उड्या मारणारे गाणे आहे. तो संग्रह मला आवडतो. पण त्यात स्टॅनलोची धडधड नाही. मग अमेरिका. ‘प्रिटी इन पिंक’ या चित्रपटासाठी त्यांनी आधी एक गाणे केले होते. चाचणीच्या प्रेक्षकांना शेवट रुचला नाही, दिग्दर्शकांनी शेवट बदलला, आणि त्या गाण्याला जागाच उरली नाही. दौऱ्यावर निघायच्या आत त्यांनी जवळपास एका रात्रीत नवे ‘इफ यू लीव्ह’ लिहिले, आणि ते १९८६मध्ये अमेरिकेच्या यादीत चौथे झाले. ब्रिटनमध्ये ज्यांना या बँडची ओळख जोन ऑफ आर्कमुळे होती, त्यांच्याऐवजी आता अमेरिकेत ज्यांना ती त्या चित्रपटातल्या शाळेच्या शेवटच्या नृत्यामुळे झाली असे नवे श्रोते मिळाले.

‘इफ यू लीव्ह’ वाईट गाणे आहे असे मी म्हणणार नाही. ते लागले की मी आवाज वाढवते. त्यातली धून त्याच कारागिरांची आहे, सॅक्सोफोनसुद्धा नेमक्या ठिकाणी येतो. पण त्यात चाल जिकडे जाताना दिसते तिकडेच जाते. गोड आहे आणि गोडच आहे. १८ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना येथील रोझ बोल स्टेडियममध्ये डिपेश मोडच्या त्या प्रचंड कार्यक्रमात ओएमडी आधी वाजवणाऱ्यांत होते. ज्यांच्या ‘ऑलमोस्ट’ने त्या बँडचा पहिला गीतकार घडवला, ते आता त्यांचा मंच तापवून देत होते. मानापमानाचा हिशेब त्यात नसेलही. पण तोवर डिपेश मोड अधिकाधिक गडद होत गेले होते आणि त्यासाठीच साठ हजारांहून अधिक लोक जमले होते, हे लक्षात घेतले की वाटते, पाच वर्षे आधी या दोघांनी धीर सोडला नसता तर?

पुढची वर्षे भराभर सांगून होतात. १९८९मध्ये पॉल आणि पुढे बँडमध्ये सामील झालेले इतर दोघे बाहेर पडले. अँडीने नाव चालू ठेवले, ‘सेलिंग ऑन द सेव्हन सीज’ १९९१मध्ये तिसऱ्या क्रमांकावर नेले, आणि ब्रिटपॉपच्या गिटारींच्या लाटेत १९९६मध्ये थांबला. मग त्याने मुलींचा अटॉमिक किटन हा गट उभा केला. त्यांच्यासाठी त्याने सहकाऱ्यांबरोबर लिहिलेले ‘होल अगेन’ २००१मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ज्या जागेवर ओएमडी कधीच पोचले नव्हते ती जागा त्याला अशी मिळाली.

आणि मग काळ फिरला. नव्या पिढीच्या संगीतकारांनी ‘डॅझल शिप्स’ आपला धडा असल्याचे सांगायला सुरुवात केली. २००७मध्ये जुने चौघे पुन्हा एकत्र आले आणि ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ पूर्ण वाजवत फिरले. २०१४मध्ये पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त लिव्हरपूलच्या कोरड्या गोदीत ‘एडमंड गार्डनर’ हे जुने पायलट जहाज कार्लोस क्रुझ-दिएझ या कलावंताच्या रेषांनी नखशिखांत रंगवले गेले, आणि त्याच्या शेजारच्या लिव्हरपूल संग्रहालयात ओएमडीने ‘डॅझल शिप्स’ची गाणी वाजवली. एकतीस वर्षांपूर्वी जे विकत घ्यायला लोक तयार नव्हते, त्याची तिकिटे संपली. त्या कार्यक्रमाचे मुद्रण मी ऐकले आहे. ‘एबीसी ऑटो-इंडस्ट्री’ सुरू झाल्यावर लोक जल्लोष करतात. एका खेळण्याच्या अक्षरांवर आणि कारखान्यातल्या यंत्रमानवांवर केलेल्या त्या रचनेवर पन्नाशी ओलांडलेली माणसे टाळ्यांचा ठेका धरतात, आणि मला आनंद होतो. रागही येतो. एवढ्या उशिरा कळण्याची किंमत त्या दोघांनी मधल्या वर्षांत भरली. आज त्या संग्रहाला धाडसी म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी तेव्हा तो दुकानातच ठेवला होता, आणि त्यांची कौतुके ऐकताना मला १९८३मधली ती दोन मुले दिसतात, साधारण तेवीस वर्षांची, आकडे हातात घेऊन आपण काय चुकलो याचा विचार करणारी.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा ‘बाउहाउस स्टेअरकेस’ आला आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. दोघेही साठी ओलांडलेले. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मन थोडे आखडून घेतले होते, कारण या वयात आलेले संग्रह बऱ्याचदा जुन्या ओळखीचे हिशेब चुकते करतात. पण यात ‘अँथ्रोपोसीन’ नावाचे गाणे आहे. एक यांत्रिक आवाज पृथ्वीवरच्या माणसांची संख्या युगानुयुगे वाढत जाताना सांगतो, शेवटी ती शून्यावर येते, आणि खाली ठेका असा आहे की पाय आपोआप हलतात. ‘क्लेप्टोक्रसी’ तर सरळ सत्ताधाऱ्यांच्या चोरीवर आहे. संतापाने लिहिलेले आहे आणि तरी त्याची धून पहिल्या खेपेला तोंडात बसते, चार ओळींत, कोर्गवर एका बोटाने वाजवता येईल अशी. पट्टे पुन्हा रंगवले आहेत. मॉन्टसेराटच्या उन्हाचा त्यात मागमूस नाही, पॅसाडिनाच्या गर्दीचा नाही. पॉलच्या आईच्या मागच्या खोलीत शिकलेली युक्ती मात्र आहे, आणि मधल्या चाळीस वर्षांत ती बोथट झालेली नाही. मी ‘क्लेप्टोक्रसी’ माझ्या मोबाइलवर घेतले आहे, आणि क्लबहाउसमधल्या त्या मुलीने पुन्हा विचारले तर तिला दोन्ही गाणी देईन, हे आणि ते, कशाविषयी आहेत तेही सांगेन, आणि मग ती त्यांवर नाचली तर नाचू देईन.